नोटीस बोर्डावरची यादी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात किल्ला नाही, लढाई नाही. आज कॉलेजमध्ये नापास होणाऱ्या मुलांचा इतिहास. म्हणजे थोडाफार माझाही.

मी तालुक्याच्या शाळेतून, मराठी मीडियममधून इंजिनीअरिंगला आलो. पहिल्या सेमची युनिट टेस्ट झाली आणि आठवड्याभरात कँटीनच्या जिन्यापाशी एक कागद लागला. वर ‘रेमेडियल क्लास’ आणि खाली रोल नंबर. माझा होता, माझ्या रूममेटचाही होता. हेतू वाईट नव्हता, शिकवणारे सर तर फारच चांगले होते. पण चहाचा ग्लास हातात घेऊन अख्खी बॅच ती यादी वाचत होती. आम्ही दोघंही त्या क्लासला एकदाही गेलो नाही. मला एम-वनला केटी लागली. त्याला पुढे इयर डाऊन बसला आणि तो घरी गेला तो परत आलाच नाही. बोर्डाला गणितात माझ्यापेक्षा त्याचे मार्क जास्त होते, हेही सांगून ठेवतो.

त्यामुळे ‘कॉलेजने मुलांना अभ्यासात मदत कशी करावी’ हा प्रश्न मला अजून टोचतो. म्हणून मागे मागे वाचत गेलो.

हा प्रश्न आजचा नाहीये. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ १८४९ मध्ये सुरू झालं तेच मुळी तयारी वर्गाने, कारण कॉलेजच्या अभ्यासाला तयार असलेली पुरेशी मुलंच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने लाखो माजी सैनिक कॉलेजात आले, तेव्हा ‘अभ्यास कसा करायचा’ हेच शिकवायची वेळ आली. ओहायो स्टेटच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये एस-क्यू-थ्री-आर ही पद्धत मांडली: आधी धडा चाळा, स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, पुस्तक मिटून आठवा, नंतर उजळणी करा. कॉर्नेलच्या वॉल्टर पॉक यांचं पुस्तक १९६२ चं. रील्समध्ये जी ‘टॉपर्सची सिक्रेट नोट्स पद्धत’ दिसते ना, कागदावर डावीकडे उभी रेघ मारलेली, ती यांचीच. सिक्रेट वगैरे काही नाही, आपल्या आजोबांच्या काळातली आहे.

पण या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेली होती, की खोट मुलात आहे. मुलाला दुरुस्त करा, बास. या समजुतीला धक्का दिला तो बर्कलीच्या एका पीएचडी करणाऱ्या पोराने.

युरी ट्रीसमन त्याचं नाव. १९७० च्या दशकाचा मधला काळ. बर्कलीत पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते, आणि चिनी वंशाची मुलं चांगले मार्क काढत होती. का, असं त्याने प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं ओळखीची आली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. (आपल्याकडे स्टाफरूममध्ये विचारून बघा, हीच यादी मिळेल.) ट्रीसमनने ही उत्तरं तशीच मान्य केली नाहीत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात ते प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. त्यांच्याबरोबर राहायचं, व्हिडिओ शूटिंग करायचं. हे जवळजवळ दीड वर्ष चाललं.

निघालं काय? सगळी कारणं पडली. ज्यांचा पाया पक्का होता अशीही कृष्णवर्णीय मुलं नापास होत होती. घरच्यांनी तर मूल जन्मायच्या आधीपासून त्याला कॉलेजात घालायचं ठरवलेलं. मुलं मेहनतीही होती. वर्गाच्या एका तासाला दोन तास अभ्यास करा असं सांगितलं होतं, म्हणून आठवड्याला प्रामाणिकपणे आठ तास बसत होती. पण एकटी. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कुणाहीबरोबर कधीच अभ्यास करत नव्हते.

चिनी वंशाची मुलं आठवड्याला साधारण चौदा तास देत होती. आधी आठ-दहा तास एकट्याने, आणि मग संध्याकाळी एकत्र. जेवायचं, गप्पा मारायच्या, उत्तरं ताडून बघायची. एकाचं चुकलं तर बाकीचे समजावणार. पण सगळ्यांचंच चुकलं, की कळायचं गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला ते कळायला मार्गच नाही. त्याला वाटतं, आपणच ढ.

आणि विद्यापीठाकडे मदतीची सोय नव्हती का? होती. पण ही आपापल्या शाळांतली हुशार मुलं. ‘कमकुवतांसाठी’ असं लिहिलेल्या दारातून ती आत कशाला जातील? हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून जरा वेळ गप्प बसलो होतो.

ट्रीसमनने मग उलटंच केलं. रेमेडियल हा शब्दच काढून टाकला. हुशार मुलांसाठीचा ऑनर्स कार्यक्रम म्हणून वर्कशॉप सुरू केलं, त्यात नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि छोट्या गटांत बसवलं. वर्कशॉपमधली कृष्णवर्णीय मुलं वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने उतरू लागली.

साधारण त्याच काळात, १९७३ मध्ये, कॅन्सस सिटीच्या मिसूरी विद्यापीठात डिअ‍ॅना मार्टिन यांच्यासमोर वेगळाच पेच होता. तिथे मेडिकल, डेंटल, फार्मसीची मुलं गळत होती. एवढी चाळणी लावून घेतलेल्या मुलांना कच्ची कोण म्हणणार? त्यांनी शिक्का मुलांवरून काढून विषयावर मारला. ज्या विषयात तीस टक्के किंवा जास्त मुलं नापास होतात किंवा विषय सोडून देतात, तो विषय ‘धोक्याचा’. मग तो विषय चांगल्या मार्कांनी पास झालेला एक सिनियर पुन्हा सगळ्या लेक्चरला बसतो, नोट्स काढतो आणि आठवड्यातून काही तास गट घेतो. तो परत शिकवत नाही. प्रश्न आला की गटाकडेच टोलवतो. सक्ती नाही, दार सगळ्यांना उघडं, आणि सुरुवात पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे कुणी नापास व्हायच्या आधीच. याला सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन म्हणतात. १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हा आदर्श कार्यक्रम मानला, आणि आज तो वेगवेगळ्या नावांनी बऱ्याच देशांत चालतो.

माझी केटी सुटली ती अशाच एका सिनियरमुळे. पगार नाही, पद नाही, हॉस्टेलच्या फरशीवर खडूने गणितं. ‘दादा, हे कसं आलं?’ विचारलं की तो खडू माझ्याच हातात द्यायचा. तोवर माझा रूममेट गेला होता.

हा भाग लिहून झाल्यावर मी त्याला फोन केला. त्याचं आता गावात दुकान आहे, बरं चाललंय. त्याला म्हटलं, अरे, पहिल्या सेमला आपण एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, एम-वनची तीच शीट सोडवत बसायचो, आठवतं का? मला त्यातलं काहीही येत नव्हतं.

तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे तुलापण येत नव्हतं?’