विणकरांचं व्याज

सुरतच्या डिंडोलीत रात्रपाळी सुटते. कानात लूमचा खडखडाट घेऊन तू तापीच्या काठी येतोस, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षं मागे आलेला असतोस. पूल नाही. भरुकच्छकडची, म्हणजे आजच्या भरूचकडची माणसं नावेतून उतरतायत आणि कुणीच नावाड्याला पैसे देत नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, त्याने तापी, दमण, पारदा या नद्यांवरची नाव पुण्य म्हणून फुकट केली आहे.

त्या माणसांच्या मागोमाग तू दक्षिणेला निघतोस. घाट चढून गोवर्धन, पुढे त्रिरश्मी डोंगर. तिथल्या लेण्यांना आज आपण नाशिकची पांडवलेणी म्हणतो. दहाव्या लेण्यात लेख कोरलेला आहे. एक भिक्खू तुला तो वाचून दाखवतो: दोन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघटनेकडे, कायमची ठेव, दरमहा शेकडा एक व्याज. तू मनात हिशेब करतोस. वर्षाचे २४०. वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख बसतो.

तुझा ऊर भरून येतो. घरी आजोबांनी १९५६ च्या बौद्ध दीक्षेनंतर सम्यक दृष्टी हा शब्द पाठ करून घेतला होता. पण धम्माच्या अंगावरचं वस्त्र विणकरांच्या व्याजातून आलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

“भन्ते, हे आमचं आहे,” तू म्हणतोस.

“आत्ता काय झालं, उपासका?”

“अभिमान वाटला.”

“त्याच्या आधी?”

तुला मागे जावं लागतं. शब्द कानावर पडले. छातीत ऊब पसरली. ती हवीशी वाटली. ‘आमचं’ त्याच्यानंतर आलं. स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान: पाठ केलेली साखळी तू पहिल्यांदाच घडताना बघतोस. भिक्खू अभिमानाला वाईट म्हणत नाही. चीवर घालताना तोही रोज स्वतःला बजावतो की हे थंडी, ऊन, डास यांच्यापासून रक्षणासाठी आणि लज्जा झाकण्यासाठी, मिरवण्यासाठी नाही.

“इथे शांत आहे, भन्ते. मशीनवर कसं जमेल?”

“धागा तुटला की राग येतो?”

“लगेच.”

“लगेच?”

तू खरोखर आठवून बघतोस. आधी जबडा आवळतो. मग ‘मालक ओरडेल’. राग तिसरा.

“मग पहिल्यापाशी थांबून बघ,” भिक्खू म्हणतो, “आणि मी म्हणतो म्हणून खरं धरू नकोस.”