नॅस सर्व्हर : डिस्कसंचाची सुरक्षितता व जागेचे नियोजन

एकाच जागेतील अनेक संगणकांना नेटवर्कवरून सामाईक फाइली पुरवणाऱ्या साठवण-सर्व्हरला ‘नॅस’ म्हणतात. त्यातील हार्ड डिस्क अशा रीतीने जोडतात, की एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहावी व काम थांबू नये. या रचनेचे प्रचलित नाव ‘रेड’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात तिची प्रकारवार मांडणी केली.

प्रकार : ‘रेड ०’ मध्ये माहिती सर्व डिस्कवर विभागली जाते. वेग वाढतो, मात्र एक डिस्क गेली की सगळेच जाते. ‘रेड १’ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते, त्यामुळे निम्मीच जागा हाती येते. ‘रेड ५’ पॅरिटीवर चालते. तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट असतील, तर एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहितात. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिन्हींवरून तिचा बिट काढता येतो. पॅरिटीचे हे तुकडे सर्व डिस्कवर आळीपाळीने ठेवले जातात. ‘रेड ६’ मध्ये दुहेरी पॅरिटी असल्याने दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

आठ टीबीच्या चार डिस्क घेतल्यास रेड ५ मध्ये २४ टीबी, तर रेड ६ मध्ये १६ टीबी जागा मिळते. रेड १ सारख्या दोन जोड्या एकत्र करणाऱ्या ‘रेड १०’ मध्येही १६ टीबीच मिळते. पण एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्या तर रेड १० कोसळते, रेड ६ मध्ये मात्र कोणत्याही दोन गेल्या तरी चालते. लहानमोठ्या डिस्क एकत्र लावल्यास पारंपरिक रेडमध्ये सर्वांत लहान डिस्कचे माप सर्वांना लागू होते. उत्पादक टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि काही संगणकप्रणाली द्विमान पद्धतीने. त्यामुळे २४ टीबीच्या जागी २१.८ इतका आकडा दिसतो. जागा कुठे गळालेली नसते.

जागेच्या हिशेबाचे वाशिम जिल्ह्यातील उदाहरण : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कारंजा (लाड) येथे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या परंपरांच्या जैन मंदिरांत जुनी हस्तलिखिते जतन झाली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड सूचीत त्यांची नोंद आहे. कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य संपादित ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये व हिरालाल जैन संपादित ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा हस्तलिखितसंग्रहाचे स्कॅनिंग करायचे झाल्यास जागेचा हिशेब आधी मांडावा लागतो. ए-४ आकाराच्या पानाची ६०० डीपीआयची रंगीत, न दाबलेली प्रतिमा सुमारे १०४ एमबी भरते. दहा हजार पानांना एक टीबीहून थोडी अधिक जागा लागते. मूळ प्रतिमांबरोबर वाचकांसाठीच्या लहान प्रती आणि पुढील काही वर्षांची वाढही धरावी लागते.

विदर्भात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, म्हणून सर्व्हर हवेशीर, धूळमुक्त खोलीत ठेवणे आवश्यक असते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास माहिती व पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो. त्यासाठी यूपीएस हवा, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप बंद होईल अशी जोडणी हवी.

देखरेख : डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवते. त्यांत खराब सेक्टर वाढू लागले, तर डिस्क पूर्ण बिघडण्याची वाट न पाहता बदलावी. बदललेल्या डिस्कवर माहिती पुन्हा उभी करण्यास कित्येक तास, कधी दिवसही लागतात आणि या काळात उरलेल्या डिस्कवर मोठा ताण येतो. मोठ्या डिस्कच्या संचाला एकेरी पॅरिटी अपुरी मानतात, ती यामुळेच. झेडएफएससारख्या फाइलप्रणालीत प्रत्येक तुकड्याची चेकसम तपासणारा ‘स्क्रब’ महिन्यातून एकदा चालवण्याचा प्रघात आहे.

जागा : डिस्कसंच काठोकाठ भरू देऊ नये. झेडएफएसमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आत राहण्याचा सल्ला दिला जातो, कारण पुढे वेग घसरतो. स्नॅपशॉट (फाइलींची त्या त्या क्षणाची जपलेली स्थिती) चालू असतील तर फाइल पुसूनही जागा सुटत नाही. जुने स्नॅपशॉट ठरावीक मुदतीने काढावे लागतात. विभागवार कोटा लावल्यास एकाच्या व्हिडिओंमुळे दुसऱ्याचे काम अडत नाही. जेपेग प्रतिमा आधीच दाबलेल्या असल्याने त्यांवर कॉम्प्रेशनचा फारसा लाभ होत नाही. एकेक डिस्क बदलून मोठी बसवली, तरी वाढीव जागा सहसा संचातील शेवटची डिस्क बदलल्यावरच मिळते.

मर्यादा : रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस, आग व चोरी यांपासून रेड वाचवत नाही. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम रूढ आहे. बॅकअपमधून काही फाइली अधूनमधून प्रत्यक्ष परत मिळवून पाहाव्यात. ही चाचणी न झालेला बॅकअप विश्वासार्ह मानला जात नाही.