तुपाच्या थेंबाखालच्या पारंब्या

बायॉलॉजी माझ्याकडून बारावीतच सुटली. पण परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटबद्दल वाचताना एका गोष्टीनं मला धरून ठेवलं. प्लेगच्या जगातल्या पहिल्या मोठ्या लसीत मुंबईचं तूप होतं!

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, शिक्षण तिथलंच, पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली आणि हाताशी मोजकी माणसं.

लस म्हणजे मारलेले जंतू. पण मारायला आधी ते भरपूर हवेत. म्हणजे शेतीच ती. फ्लास्कमध्ये मांसाचा अर्क घ्यायचा, तो उकळून निर्जंतुक करायचा आणि त्यात प्लेगचे जंतू सोडायचे. हाफकिननी त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगवले. त्या थेंबांना धरून जंतू वाढू लागले आणि खाली लोंबू लागले, वडाच्या पारंब्यांसारखे. फ्लास्क हलवला की पारंब्या तुटून तळाशी बसायच्या आणि थेंबांखाली नवं पीक यायचं. शिवाय अशा पारंब्या दिसल्या की वाढतोय तो प्लेगच, याची खूणही पटायची. पाच-सहा आठवड्यांनी सगळं तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.

अडचण एवढीच, की जे माध्यम प्लेगच्या जंतूला पोसतं, ते इतर जंतूंनाही पोसतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल हे गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटलीचा नंबर ५३-एन.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की पहिला प्रश्न असतो, "शेवटचा बदल कुणी केला?" इथेही तेच झालं. परळच्या प्रयोगशाळेनं कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. बदल सापडला, म्हणजे दोषीही सापडला. चौकशी समितीनं आणि नंतर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनंही संशय प्रयोगशाळेवरच ठेवला. हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. खरं तर पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही उष्णतेचीच पद्धत चालत होती.

आणि दुसरा लॉग वाचायचा राहिलाच होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात मातीत. शिवाय हे जंतू मुंबईतच बाटलीत शिरले असते, तर इतक्या आठवड्यांत पोषक द्रवात ते माजले असते आणि बूच काढताच घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आलाच नव्हता. ही साक्ष चौकशीच्या कागदांतच होती. म्हणजे त्या बाटलीतल्या कल्चरनं आपली बाजू पहिल्या दिवशीच मांडली होती, पण कुणी ऐकली नाही.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हा मुद्दा लावून धरला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

मुल्कोवालच्या त्या १९ घरांना या दोषमुक्तीनं काय मिळालं, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही. जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक करून घ्यायला फार वेळ लागला नसता.