त्रिलोक गुर्टू यांचे तालवादन

जॅझची उत्स्फूर्तता आणि अन्य परंपरांची लय एकत्र आणणाऱ्या फ्यूजन संगीतात मराठी मुलखाशी नाते सांगणारे ठळक नाव त्रिलोक गुर्टू यांचे असून, 1951 साली मुंबईत जन्मलेल्या या वादकाला ठुमरीचा वारसा आई शोभा गुर्टू यांच्याकडून मिळाला, ज्यांचे स्वतःचे जन्मगाव बेळगाव होते. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर 1989 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि बासवादक काय एकहार्ट एवढेच दोघे साथीला असल्यामुळे तालाचा सारा भार गुर्टू यांच्यावर पडतो, आणि तो ते ज्या सहजतेने पेलतात ती कानाला फसवणारी आहे.

पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसून वाजवतो. गुर्टू मात्र जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात, आणि तबला हाताशीच असल्याने काठीवरून बोटांवर येताना लय तुटू देत नाहीत. त्यांनी झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवली की पाण्याच्या भाराने तिचा कंप मंदावून स्वर खाली घसरतो. ही निव्वळ करामत वाटली तरी, तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून जी मींड काढतो, तिच्याशी तिचे नाते जवळचे आहे. 1988 च्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये तर खुद्द शोभाताईंचा आवाज या तालांवर ऐकू येतो.