चामराजपुरमहून उजव्या अलिंदाकडे

बाजूला व्हा! मागून जटका येतोय.

वाचलात. घोड्याच्या घामाचा भपकारा नाकात शिरला, चाक धोतराला घासून गेलं आणि गाडीवान कानडीत दोन शब्द सुनावून पुढे गेला. आता छातीवर हात ठेवा. आत जे धाडधाड उडतंय, तेच शिकायला तुम्हाला इथे आणलंय.

हे मैसूरचं चामराजपुरम. साल 1935 च्या आसपासचं. नंजनगूडकडे गेलेल्या मीटरगेज गाडीचा धूर अजून कौलांवर रेंगाळतोय. तुम्ही मेडिकल कॉलेजात नवखे आहात. खोली इथेच, आणि जेवण वार लावून. आजचा वार एका मराठी घरी होता. त्यांच्या मराठीला कानडी हेल, साराला मिऱ्याचा झणका, आणि आजी पानावरून उठू देतील तर शपथ. "ताकभात राहिलाय, बस." त्यामुळे पोट गच्च आहे, ऊन चढलंय आणि कॉलेजला पायीच जायचंय.

मोठा चौक ओलांडून सयाजीराव रस्त्याला लागा. हो, आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांचंच नाव. देवराज मार्केटच्या दाराशी गर्दी अंगावर येते: मल्लिगेच्या फुलांचे ढीग, ओल्या विड्याच्या पानांचा वास, रसबाळे केळ्यांचे घड, हमालांची आरडाओरड. श्वास कोंडून पुढे सरका, कारण याहून उग्र वास पुढेच आहे. बंगळूरहून 1930 मध्ये इथे आलेल्या कॉलेजची इमारत अजून नवी आहे, पण शवविच्छेदनाच्या दालनातलं फॉर्मॅलिन भिंतींत मुरलंय. डोळे चुरचुरतील. सगळ्यांचेच चुरचुरतात.

आज मात्र टेबलावर ताजं मेंढीचं हृदय आहे, सकाळीच खाटकाकडून आणलेलं. घ्या हातात. थंड, ओलसर, निसरडं. तुमचं स्वतःचं साधारण तुमच्या मुठीएवढं आहे आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. अंगठा आणि बोट यांत धरून दोन्ही बाजू दाबा. उजवी बाजू मऊ लागते, सहज दबते. डावी टणक, जवळजवळ तिप्पट जाड. का, ते बोटांनाच कळायला हवं. उजव्या निलयाला, म्हणजे खालच्या कप्प्याला, रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचंय, डाव्याला टाळूपासून तळपायापर्यंत.

आता डाव्या निलयातून निघणारी महारोहिणी कापून उघडी धरा आणि वरून तांब्याने पाणी ओता. पाणी आत उतरत नाही! बुडाशी सदऱ्याच्या खिशांसारखे तीन नाजूक पडदे फुगून एकमेकांना चिकटलेत. ही झडप. जाताना वाट देते, परतताना देत नाही. अशा चार आहेत. अलिंद, म्हणजे वरचे कप्पे, आणि निलय यांमधल्या दोन झडपांना तर खालून पांढरे चिवट दोर बांधलेत, रक्ताच्या दाबाने त्या उलट्या फिरू नयेत म्हणून. एक दोर नखाने छेडून बघा. तुटत नाही.

माझ्या मते सगळा धडा या पाण्याच्या तांब्यात आहे. पूर्वीचे वैद्य मानत, रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत मुरून संपतं. विल्यम हार्वीने साधा हिशेब केला: हृदय एका ठोक्याला जेवढं बाहेर टाकतं, त्यावरून पाहिलं तर अर्ध्या तासात अख्ख्या शरीरात मावत नाही इतकं रक्त त्यातून जातं. एवढं येणार कुठून? तेच फिरून येत असलं पाहिजे. हा हिशेब मांडणारं त्याचं पुस्तक निघालं 1628 मध्ये. रक्त फिरून येतं याचा पुरावा तुमच्या हातावरच आहे. कोपराच्या वर उपरणं आवळून बांधा. नीला फुगल्या, त्यांवर गाठी दिसल्या? एकीवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून खांद्याच्या दिशेने रक्त निपटा, पुढच्या गाठीच्या पलीकडे. मधली नीला रिकामीच राहते, वरून रक्त खाली येत नाही. त्या गाठी म्हणजे नीलेतल्या झडपा. सोडा उपरणं, हात निळा पडायला लागलाय.

पुढच्या खोलीत काजळीचा वास आहे. फिरत्या नळकांड्यावर धुरावर काळा केलेला कागद गुंडाळलाय. जाणीव आधीच घालवलेल्या बेडकाचं हृदय एका हलक्या दांडीला जोडलंय, आणि प्रत्येक ठोक्याला दांडीचं टोक त्या काळ्यावर पांढरा डोंगर काढतं. वरून मिठाच्या पाण्याचे थेंब पडतात. साधं मीठपाणी नव्हे. लंडनच्या सिडनी रिंगरला 1880 च्या दशकात दिसलं, की नळाच्या पाण्यातल्या मिठात हृदय चालतं आणि ऊर्ध्वपातित पाण्यातल्या मिठात मंदावून थांबतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं! तुमच्या काळातल्या सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' लिहिलेलं असतं, ते याच्याच नावाने.

मग सूक्ष्मदर्शकाशी रांग लावा. कोपर खुपसा, नाहीतर पाळी यायची नाही. बेडकाच्या पायाच्या पातळ पडद्यात केशवाहिन्या दिसतात, आणि त्यांतून तांबड्या पेशी एकामागे एक, अंग चोरून सरकतात. रोहिणी संपते आणि नीला सुरू होते ती इथे. हार्वीला हा दुवा दिसला नव्हता. इटलीच्या माल्पीगीने 1661 मध्ये बेडकाच्याच फुप्फुसात पाहिला.

वॉर्डात एक तरुण बाई उशांना टेकून बसली आहे. आडवं झालं की धाप लागते. लहानपणी सांधे सुजले होते, ताप आला होता. स्टेथोस्कोप लावा. 'लब' म्हणजे अलिंद-निलयांमधल्या झडपा मिटल्या, 'डब' म्हणजे रोहिण्यांच्या तोंडाशी असलेल्या. हिच्या छातीत मात्र डबनंतर गुरगुर आहे: डावीकडची झडप आवळलीय, रक्त रेटून जातंय. डिजिटॅलिस हे औषध देतात. झडप मोकळी करणारी शस्त्रक्रिया या वॉर्डात अजून पोचलेली नाही. तिच्या मनगटावरचं बोट लवकर काढू नका. ती तुमच्याकडे बघतेय.

संध्याकाळी चामराजपुरमला परत या. आजींच्या नातवाला सगळं सांगायचंय. वर्तमानपत्राची सुरळी करा, स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकने 1816 मध्ये कागदाचीच केली होती. एक टोक आजींच्या पाठीवर, दुसरं पोराच्या कानाला.

"दोन आवाज येतात!" तो ओरडतो. "दर वेळी दोन!"

मिनिटाला सत्तरेक वेळा, दर वेळी सत्तरेक मिलिलिटर, म्हणजे मिनिटाभरात पाच लिटर, तुम्ही सांगता. तेवढं जवळजवळ सगळं रक्त झालं. तुझं याहून भराभर चालतं. आणि जनावर मोठं असलं, तर सावकाश.

"मग गायीचं ऐकू!" म्हणत तो सुरळी घेऊन गोठ्याकडे पळालाय, आणि आजी मागून हाक मारतायत, "अरे, ती लाथ मारेल!"