हाजींच्या गाठोड्यातले औषध

सन २०२० च्या पावसाळ्याअखेरीस ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेच्या सर्वेक्षणासाठी आम्ही मोहल्ल्यात घरोघर फिरत होतो. एका घरात वृद्ध खालांनी कपाटातून औषधाचे एक खोके काढून आमच्या हाती दिले. त्यांचे शौहर २०१८ साली हजला गेले होते. मदिनेत बरोबरची औषधे संपली, तेव्हा तिथल्या दुकानातून त्यांनी ते घेतले होते. आता शौहर राहिले नव्हते. खोके राहिले होते. खाला म्हणाल्या, “बेटा, तुमकू अरबी आती ना? दो दिन से बुखार है मेरेकू. ये बुखार की है क्या देखो.”

आम्ही पडलो उर्दू शाळेतले. अक्षरे ओळखीची. खोक्यावर ‘हरारत’ हा शब्द दिसला आणि आम्ही बेधडक सांगून टाकले, की होय, तापाचीच दिसते. सुदैवाने मेडिकल स्टोअरमध्ये काम करणारा शेजारचा मुलगा तिथे उभा होता. त्याने आतली पट्टी काढून मागचे इंग्रजी नाव वाचले. ती मधुमेहाची गोळी होती. ‘हरारत’ हा शब्द औषध किती तापमानाखाली ठेवावे, या सूचनेतला होता. खालांना मधुमेह नव्हता. उपाशीपोटी त्यांनी ती गोळी घेतली असती तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. अक्षरे वाचता आली, औषध वाचता आले नाही.

परमुलखात महामारीने गाठले तर सामान्य माणसाच्या हाती कोणते औषध असते? ते त्याला वाचून कोण दाखवते? आणि वाचून दाखवणाऱ्यावर तो विश्वास का ठेवतो, किंवा का ठेवत नाही? हे प्रश्न करोनाने प्रथम निर्माण केलेले नाहीत. आपल्या समाजाच्या इतिहासात ते फार मोठ्या प्रमाणावर हजच्या वाटेवर उभे राहिले आहेत, आणि त्या वाटेचे एक मोठे बंदर मुंबई हे होते.

पटकी, म्हणजे कॉलरा, मक्केत प्रथम पोहोचली ती १८३१ साली. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा पुन्हा येत राहिली. सर्वांत गाजले ते १८६५ चे वर्ष. त्या वर्षी जमलेल्या सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार मृत्यू पावले, असा अंदाज दिला जातो. परतणाऱ्या हाजींच्या आगबोटींबरोबर रोग सुएझला उतरला, तेथून अलेक्झांड्रियाला आणि पुढे युरोपच्या बंदरांत गेला. एकट्या इजिप्तमध्ये सुमारे ६० हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. युरोप हादरला. १८६६ साली इस्तंबूल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. रोगाचे उगमस्थान हिंदुस्थान आणि त्याला वाट करून देणारे यात्रेकरू हाजी, असे चित्र त्या काळात पक्के झाले.

या परिषदांमध्ये चर्चा झाली ती प्रामुख्याने हाजींपासून युरोपला कसे वाचवावे याची. खुद्द हाजीला पटकी झाली तर त्याला कसे वाचवावे, हा प्रश्न मागेच पडला. मग त्याने काय करायचे? जे घरून आणले तेच. गरीब यात्रेकरूच्या गाठोड्यात डाळ-तांदूळ असे, कफनाचे कापड असे आणि काही औषधपाणी असे. त्या काळी पटकीवर हिंदुस्थानच्या बाजारात नावाजलेले औषध म्हणजे क्लोरोडाइन. लष्करातील डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी ते प्रथम पटकीसाठीच तयार केले होते. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. कापूरही पटकीवर चाले. अफूने पोटातली कळ थांबते, जुलाब थांबल्यासारखे वाटतात. म्हणून माणसाचा विश्वास बसतो. परंतु पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते अफू भरून देत नाही. त्याहून वाईट म्हणजे पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये, अशी समजूत होती. ती केवळ अडाण्यांची नव्हती. त्या काळचे अनेक डॉक्टरही तेच सांगत. रोगी पाणी मागत मरे, आणि त्याचे हितचिंतक पाण्याचे भांडे दूर ठेवत.

खेदाची गोष्ट अशी, की खरा उपाय माणसाच्या हाताशी येऊन गेला होता. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून दाखवून दिले, की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले असतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा यांनी रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून काहींना मरणाच्या दारातून परत आणले. पण हा उपचार मागे पडला, आणि बहुतांश शतकभर जग अफू, पारा आणि कापूर यांतच चाचपडत राहिले.

हाजींच्या वाट्याला औषध आले नाही, पण क्वारंटाइन आले. उर्दूत आपण त्याला ‘क़रंतीना’ म्हणतो. १८८२ साली उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हिंदुस्थानाकडून येणाऱ्या बोटींसाठी क्वारंटाइनचे ठाणे उघडले. उघडे, रखरखीत बेट, राहायला झोपड्या, आणि दिवसांमागून दिवस मुक्काम. त्यासाठी फी यात्रेकरूंकडूनच घेतली जाई. अन्न आणि पाणी यांच्या चढ्या किमतींविषयी तक्रारी होत राहिल्या. ज्या रोगात स्वच्छ पाणी हेच औषध, त्या रोगाच्या नावाने माणसाला कोंडावे आणि पाणी विकत घ्यायला लावावे, याला काय म्हणावे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साथीच्या काळात ये-जा थांबवणे इस्लामला परके नाही. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वश्रुत आहे. अमवासच्या प्लेगच्या वेळी हजरत उमर (रजि.) शामच्या सीमेवरून मागे फिरले होते. म्हणजे क्वारंटाइनच्या तत्त्वाशी भांडण नव्हते. भांडण होते ते कोंडणाऱ्या हाताशी. त्या हातात दवा दिसत नव्हती, फक्त दंडुका दिसत होता.

या अंधारात एक नाव आपण विसरलो आहोत. डॉ. अब्दुल रज्जाक. हिंदुस्थान सरकारच्या वैद्यकीय सेवेतील हे सहायक सर्जन १८७८ साली यात्रेकरूंबरोबर पाठवले गेले आणि १८८२ मध्ये जिद्दा येथे ब्रिटिश उपवकील, म्हणजे व्हाइस कॉन्सल, म्हणून नेमले गेले. मुसलमान असल्यामुळे ते मक्केत जाऊ शकत. गोऱ्या वकिलाला ती वाट बंद होती. यात्रेकरूंची भाषा त्यांना कळत होती, दुखणे कळत होते. हाजींच्या हालअपेष्टांवर त्यांनी सरकारला अहवाल लिहिले. अर्थात ते साम्राज्याचे नोकर होते, हाजींबरोबरच सरकारसाठी बातमी मिळवणे हेही त्यांचे काम होते, हे लपवण्याचे कारण नाही.

१८९३ च्या हजमध्ये पटकीने पुन्हा कहर केला. मृतांचा आकडा तीस हजारांवर गेल्याचे अंदाज आहेत. १८९४ साली पॅरिसला हजच्याच प्रश्नावर परिषद भरली. त्यानंतर उस्मानी सरकारने हिजाजमध्ये रुग्णालये आणि कपडे निर्जंतुक करण्याची वाफेची यंत्रे आणली. लोकांना कोणी समजावून सांगितले नाही. हे डॉक्टर आणि ही यंत्रेच रोग पसरवतात, अशी वदंता उठली. १८९५ साली मक्केत यंत्राची मोडतोड झाली, रुग्णालयावर हल्ला झाला. मे महिन्याच्या अखेरीस जिद्दाच्या तटाबाहेर फिरायला गेलेल्या परदेशी वकिलांवर बदूंनी गोळ्या झाडल्या. इतर जखमी झाले, डॉ. अब्दुल रज्जाक ठार झाले. हाजींची नाडी धरू शकणारा माणूस औषधाविषयीच्या संशयाच्या त्या वातावरणात गेला.

हे अरबस्तानातील बदूंचे अज्ञान, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, हीच समजूत. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणेच बंद केले गेले. जबरदस्ती वाढली की माणूस आजार लपवतो आणि गाठोड्यातले औषध गुपचूप घेतो. हा धर्माचा किंवा जातीचा दोष नाही.

मग गाठोड्यातले औषध वाईटच का? इतिहास याचे वेगळे उत्तर देतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. परका देश, पाऊस, चिखल, आणि पुन्हा तीच पटकी. बनगावच्या रुग्णालयात रोगी जमिनीवर ओळीने पडले होते. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठे धाडस केले. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे कोलकात्यात तयार करून घेतली, पिंपात ते पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजा, म्हणाले, मागेल तेवढे पाजा. जिथे शंभरातले वीस-तीस रोगी मरत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. त्या काळातल्या एका गुप्त बांगलादेशी रेडिओवरून हे पाणी कसे करावे याची माहितीही दिली गेली.

पुढे बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ, एवढे त्यांनी आयांना शिकवले. नुसते सांगून न थांबता त्यांच्या हातून करून घेतले. बहुतेक आयांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण चिमूट आणि मूठ त्यांना वाचता येत होती. आपण ज्याला ‘जलसंजीवनी’ म्हणतो, ती हीच. लोकांनी आपल्या हाताने औषध घेणे हे मुळात पाप नव्हे. ज्ञान हाती न देता त्यांना औषधाबरोबर एकटे सोडणे हे पाप.

२०२० साली जग हा धडा विसरले. इराणमध्ये दारू प्यायल्याने करोना होत नाही, या अफवेपायी विषारी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसे मेली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी बड्या नेत्यांच्या तोंडून ऐकून लोक दुकानांत धावले. ज्यांना संधिवातासारख्या आजारासाठी ती रोज लागते, त्यांना ती मिळेना. भारताने मार्चमध्ये तिच्या निर्यातीवर बंदी घातली आणि एप्रिलमध्ये ती सैल केली. जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवले, की रुग्णालयातील करोना रोग्यांना तिचा काही फायदा होत नाही. त्याच काळात विमाने बंद झाल्याने आखातातील आपल्या माणसांना गावाकडून येणारी औषधेही मिळेनाशी झाली.

म्हणून हजला किंवा आखाताला निघणाऱ्यांना आम्ही आता एवढेच सांगतो. औषधाचे मूळ नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या, ती चिठ्ठी गोळ्यांबरोबर ठेवा. इथे सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या आणि वेदनेच्या काही औषधांवर तिथे कडक निर्बंध आहेत, ते आधी विचारून घ्या. आणि शाळेत मुलांकडून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून, त्यांच्याच हातांनी जलसंजीवनी करवून घेतो.

खालांचा ताप चार दिवसांत उतरला. ते खोके मात्र त्यांनी फेकले नाही. शौहरने मदिनेहून आणलेले होते. आम्ही आग्रह धरला नाही. गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या आणि रिकाम्या खोक्यावर ठळक उर्दूत लिहिले: शकर की दवा थी, बुखार की नहीं.