तबलीला तडा गेला म्हणजे नेमकं काय जातं?

मंडळी, मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास नवीन वाद्य बनवण्यापासून सुरू होत नाही, मोडलेलं वाद्य दुरुस्त करण्यापासून होतो. ही गोष्ट मला जाम आवडते.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य. मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. तिथले शिकलगार तलवारी-भाले बनवायचे, धार लावायचे. इंग्रजी अंमल बसला, बंदुका आल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरेना. (आमच्या धंद्यात याला टेक्नॉलॉजी आउटडेटेड होणं म्हणतात.) इकडे दरबारात येणाऱ्या गवयांचे तंबोरे प्रवासात फुटायचे आणि जाणते कारागीर सगळे उत्तरेकडे. मग फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हातात घेतलं, असं मिरजेत सांगतात. दुरुस्त करता करता आतली रचना कळली आणि पुढे स्वतःचे तंबोरे, सतारी घडू लागल्या. पुढच्या पिढ्यांचं 'सतारमेकर' हे आडनावच झालं. दुसऱ्याच्या कोडमधले बग काढता काढता माणूस शहाणा होतो, तसंच हे!

आता हा विषय डोक्यात का आला ते सांगतो. साक्रीला आमच्या एका काकूंकडे त्यांच्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या तबलीला वीतभर तडा गेला. जवळच्या शहरातल्या एका दुकानदाराने सरळ सांगितलं, तबली बदला. काकूंचा प्रश्न एवढाच होता, "तबली बदलली तर तो दादांचाच तंबोरा राहील का रे?"

प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याचं उत्तर फिजिक्समध्ये आहे. तार बारीक असते. ती हवेत कितीही थरथरली तरी हवा फारशी हलवू शकत नाही, सुईने वारा घालण्यासारखं आहे ते. तारेचं कंपन घोडीतून खालच्या पातळ, रुंद फळीत उतरतं आणि ती फळी हवा ढकलते. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज मुख्यतः फळीचाच. तंबोऱ्यात ती तबली, पियानोत साउंडबोर्ड.

पियानो फ्लोरेन्समध्ये 1700 च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने बनवला. त्याची फळी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची असते आणि मागून आडव्या पट्ट्या चिकटवून तिला किंचित फुगवटा दिलेला असतो. आजच्या ग्रँड पियानोत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. तो पेलते लोखंडी चौकट, पण तारा घोडीवरून जाताना फळीला खाली दाबतातच. फुगवटा त्या दाबाला उत्तर देतो. तंबोऱ्याला ताराच चार, तरी हिशोब तोच. म्हणून तबलीही सपाट नसते, किंचित उचललेली असते.

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. चारी बाजूंनी चिकटवलेल्या फळीला पसरायला जागा नसते, त्यामुळे पावसाळ्यात ती आतल्या आत चेपली जाते आणि उन्हाळ्यात आकसली की रेषेवर फाटते. साक्रीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पण नुसत्या तड्याने आवाज मरतोच असं नाही! पियानो दुरुस्त करणारे तड्यापेक्षा मागची पट्टी सुटलीय का ते आधी बघतात. पट्टी सुटली की दोन लाकडं एकमेकांवर वाजतात आणि ठराविक सुरांना करकर येते. खरं नुकसान फुगवटा बसल्यावर होतं. मग सूर उमटतो, पण त्याची आस टिकत नाही. किरकोळ तडा असेल तर सरस भरतात, रुंद असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पाचर बसवतात, पट्ट्या पुन्हा चिकटवतात. फळीच बदलायची तर सगळ्या तारा आणि चौकट उतरवावी लागते. खर्च इतका की बरेच जण तिथेच थांबतात.

तंबोऱ्यात आणखी एक गंमत आहे. करकर ऐकून लगेच तबलीला दोष देऊ नये. तो झणझणाट घोडीच्या रुंद पाठीतून आणि तिथे सरकवलेल्या दोऱ्यातून मुद्दाम काढलेला असतो, तीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं: तार जिथे छेडली तिथे जे स्वरांश गैरहजर असायला हवेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात. त्यामुळे आधी जवारी तपासायची, मग भोपळ्याचा आणि तबलीचा सांधा, आणि शेवटी तबली.

मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब (निधन 1937) स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे म्हणतात. एवढा मोठा गवई हातात कानस घेऊन बसलाय हे चित्र मला फार भावतं.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, पण मानांकन मिळतं नव्या वाद्याला. घरोघरी कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या तंबोऱ्यांचं काय, ते ज्याने त्याने बघायचं.

काकूंच्या तंबोऱ्याची घोडी खचलेली नाही. तडा रेषेतच आहे आणि टिचकी मारून बघितलं तर सांधा घट्ट वाटतो. म्हणून माझं मत पडलं की तबली ठेवायची, तडा भरायचा, आतून पट्टी लावायची. तेही भर पावसाळ्यात नको, कारण तेव्हा लाकूड फुगून तडा मिटल्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर मिरजेला न्यायचं ठरलंय. तोवर तारा सैल करून, गवसणी घालून, खिडकीपासून लांब ठेवलाय. काकू तरी रोज एकदा गवसणी काढून बघतातच.